विश्वासाने नीतिमान ठरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमकरांस आणि गलतीकरांस ही प्रेषित पौलाची नव्या करारातली दोन पत्रे घेऊन अभ्यासाला बसले की काही प्रश्न हमखास पुढे येतात. नव्याने विश्वासात आलेले ते विचारतात आणि लहानपणापासून उपासनेला येणारेही विचारतात. ख्रिस्ती नसलेले मित्र तर फार नेमके बोट ठेवतात. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे गुंता जास्त आहे तिथे मी जास्त रेंगाळले आहे.

नीतिमान ठरणे म्हणजे नीतीने वागणेच ना?

घोटाळा इथूनच सुरू होतो. 'नीतिमान' म्हटले की सरळमार्गी, खोटे न बोलणारा, कुणाचा पैसा न बुडवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पौल ज्या ग्रीक भाषेत लिहीत होता तिथले 'दिकायोओ' हे क्रियापद मात्र न्यायसभेच्या ओळखीचे आहे. न्यायाधीश समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी निकाल देतो, की याच्याकडे दोष राहिलेला नाही. म्हणून मराठी बायबलमधले 'ठरणे' आणि 'ठरवणे' हे साधे शब्द मला फार मोलाचे वाटतात. आरोपी निर्दोष ठरतो. तो स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवू शकत नाही, कारण निकाल दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो.

या ग्रीक शब्दाच्या पाठीशी हिब्रू 'त्सेदाका' आहे, आणि त्याचा आवाका आणखी मोठा आहे. नाते इमानाने निभावणे हाही अर्थ त्यात येतो. यशयाच्या ग्रंथात आणि स्तोत्रांत देवाचे नीतिमत्त्व आणि देवाने केलेले तारण हे शब्द जोडीने येतात (यशया ४६:१३, स्तोत्र ९८:२). देव नीतिमान आहे, म्हणजे तो दिलेला शब्द पाळतो आणि गांजलेल्यांना सोडवतो.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवले आहे की तरुणपणी 'देवाचे नीतिमत्त्व' या शब्दांची त्याला चीड येई. देव नीतिमान आहे म्हणूनच तो पाप्याला शिक्षा करतो, एवढाच अर्थ त्याला शिकवला गेला होता. रोमकरांस पत्राच्या १:१७ या वचनाशी रात्रंदिवस झगडल्यावर त्याला उमगले, की इथे देव जे देऊ करतो त्या नीतिमत्त्वाविषयी बोलणे चालले आहे. स्वर्गाची दारे उघडून आपण आत शिरलो असे तेव्हा वाटले, असे तो म्हणतो.

नियमशास्त्र देवानेच दिले. मग ते पाळून नीतिमान का ठरता येत नाही?

पौलाने नियमशास्त्राला, म्हणजे देवाने मोशेद्वारे दिलेल्या आज्ञांना, कधीही वाईट म्हटलेले नाही. आज्ञा पवित्र, न्याय्य आणि उत्तम आहे, असे तो स्वच्छ सांगतो (रोम ७:१२). अडचण आज्ञेत नाही, आपल्यात आहे.

गवंड्याच्या हातातला ओळंबा आठवा. भिंत कुठे कलली आहे हे तो बिनचूक दाखवतो, पण कललेली भिंत ओळंबा लावून सरळ होत नाही. आमोस संदेष्ट्याला दर्शनात परमेश्वर हाती ओळंबा घेऊन उभा दिसला (आमोस ७:७), आणि नियमशास्त्राचे काम समजून घ्यायला मला हेच चित्र सर्वात जवळचे वाटते. नियमशास्त्राने पापाची ओळख होते, असे पौल म्हणतो (रोम ३:२०). त्याच्याकडून सुटका मागितली, तर त्याला न दिलेले काम आपण त्याच्या गळ्यात घालतो.

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल उदाहरणाला कोणती आज्ञा घेतो ते पाहण्याजोगे आहे. तो खुनाची किंवा चोरीची आज्ञा घेत नाही. तो दहावी उचलतो : लोभ धरू नको. बाकीच्या आज्ञा मोडल्या तर शेजाऱ्याला कळते, ही मोडलेली कुणालाच दिसत नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना हाच पौल सांगतो, की बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष होता (३:६). तरीही एकट्या लोभाच्या आज्ञेने त्याला आतून उघडे पाडले.

गलतीकरांस पत्रात आणखी एक चित्र आहे. मराठी बायबल तिथे 'बालरक्षक' असा शब्द वापरते. त्या काळच्या सधन घरांत मुलाला शाळेत पोचवायला, वाटेत त्याच्यावर नजर ठेवायला आणि प्रसंगी दटावायला एक गुलाम असे. तो शिक्षक नव्हता आणि बापही नव्हता. मुलगा वयात आला की त्याचे काम संपे. ख्रिस्त येईपर्यंत नियमशास्त्राने हीच राखण केली, असे पौलाचे म्हणणे आहे (३:२४-२५).

जुन्या करारातले लोक मग नियम पाळून तारले गेले का?

नाही, आणि पौलाच्या सगळ्या मांडणीचा कणा इथेच आहे. तो नवे काही शोधून काढल्याचा दावा करत नाही. तो थेट अब्राहामाकडे जातो.

उत्पत्तीचा पंधरावा अध्याय. रात्र आहे. म्हाताऱ्या, मूलबाळ नसलेल्या माणसाला देव तंबूबाहेर आणतो आणि वर बघायला सांगतो : तारे मोजता येत असतील तर मोज, तुझी संतती एवढी होईल. अब्राहाम काहीच करत नाही. नवस बोलत नाही, प्रतिज्ञा करत नाही. तो त्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि देव ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणतो (१५:६).

पौल या ठिकाणी वकिलासारखा एकच प्रश्न टाकतो : हे केव्हा घडले, सुंता होण्याआधी की नंतर (रोम ४:१०)? हिशेब सोपा आहे. पहिला मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा. ताऱ्यांची रात्र इश्माएलाच्याही आधीची. म्हणजे सुंतेच्या ज्या खुणेशिवाय देवाच्या लोकांत स्थान नाही असे गलतीयातल्या मंडळ्यांत शिरलेले शिक्षक सांगत होते, ती खूण नसताना किमान १३ वर्षे अब्राहाम देवापुढे नीतिमान होता. सीनाय पर्वतावरचे नियमशास्त्र तर पौलाच्या गणनेने वचनानंतर ४३० वर्षांनी आले (गल. ३:१७). नंतर आलेला कायदा आधी दिलेले वचन रद्द करू शकत नाही.

सीनायवरसुद्धा क्रम तोच आहे. दहा आज्ञांचे पहिले वाक्य आज्ञा नाहीच. 'दास्यगृहातून तुला बाहेर काढणारा परमेश्वर मी आहे' अशी ती सुरुवात आहे. सुटका आधी झाली, आज्ञा मागून आल्या. दावीद ३२ व्या स्तोत्रात ज्याला धन्य म्हणतो तो निष्पाप माणूस नाही, ज्याच्या पापाची क्षमा झाली तो आहे. 'नीतिमान विश्वासाने जगेल' हे हबक्कूकचे वाक्य (२:४) नव्या करारात तीन ठिकाणी उचलले आहे, रोमकरांस, गलतीकरांस आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत.

पण विश्वास ठेवणे हेही एक कर्मच झाले ना?

हा प्रश्न विचारणारा माणूस बरोबर जागी पोचलेला असतो. पौल त्याचे उत्तर हिशेबाच्या भाषेत देतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ती त्याचे देणे असते, कुणाची मेहेरबानी नसते. उलट जो काम करत नाही, पण अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर भरवसा टाकतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो (रोम ४:४-५). 'गणणे' यासाठी त्याने वापरलेला शब्द जमाखर्चात खात्यावर मांडण्यासाठीही वापरत.

विश्वासाला स्वतःची किंमत असती तर देवाने तो विकत घेतला असता. ओंजळ पुढे केल्याशिवाय पाणी पिता येत नाही हे खरे, पण तहान ओंजळीने भागली असे आपण म्हणत नाही. सगळे मोल पाण्याचे आहे. आपल्या मंडळ्यांत कधी कधी 'माझा विश्वास फार मोठा' अशी भाषा ऐकू येते तेव्हा मला काळजी वाटते. तिथे विश्वासाचेच कर्म झालेले असते.

जाता जाता एक बारकावा. रोम ३:२२ मध्ये ग्रीक शब्दशः 'येशू ख्रिस्ताचा विश्वास' असे म्हणते. बहुतेक भाषांतरे त्याचा अर्थ 'येशू ख्रिस्तावरील विश्वास' असा करतात. काही अभ्यासक तो 'ख्रिस्ताचा विश्वासूपणा' असा घेतात, म्हणजे त्याने मरणापर्यंत पाळलेले इमान. कोणताही अर्थ घेतला तरी भार आपल्यावर येत नाही.

दोषी माणसाला निर्दोष ठरवणे हा अन्याय नाही का?

बायबल स्वतःच हे म्हणते. दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे (नीति. १७:१५). आणि पौल म्हणतो, देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो. ज्याला या दोन वाक्यांची टक्कर ऐकू येत नाही त्याला सुवार्ता सोपी वाटते, पण ती स्वस्त वाटण्याचा धोकाही तिथेच असतो.

पौल हा पेच टाळत नाही. रोम ३:२५-२६ मध्ये तो सांगतो, की देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताने होणारे प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवले, ते अशासाठी की देव स्वतः न्यायी राहावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवावे. दोन्ही एकदम. तिथला 'हिलास्तेरिओन' हा शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशावरच्या, म्हणजे आज्ञांच्या पाट्यांच्या पवित्र पेटीवरच्या, झाकणासाठी (दयासनासाठी) येतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक वर्षातून एकदा तिथे रक्त शिंपडत असे, पडद्याआड, कुणाच्या नजरेला न पडता. पौल म्हणतो, देवाने ते आता उघड्यावर मांडले.

म्हणजे पापाकडे डोळेझाक झालेली नाही. निकाल लागला आहे, शिक्षा झाली आहे, आणि ती न्यायाधीशाने स्वतःच्या पुत्राच्या ठायी स्वतःवर घेतली आहे. ज्याला पाप ठाऊक नव्हते त्याला आपल्यासाठी पाप असे केले, यासाठी की त्याच्या ठायी आपण देवाचे नीतिमत्त्व व्हावे (२ करिंथ. ५:२१). या वाक्यातले 'त्याच्या ठायी' हे दोन शब्द मी अधोरेखित करून ठेवले आहेत. नीतिमत्त्व ही ख्रिस्तापासून तोडून घरी नेण्याची वस्तू नाही. लग्नात जसे एकाचे देणे दुसऱ्याचेही होते आणि एकाचे घर दुसऱ्याचेही होते, तसे ख्रिस्ताशी जोडले गेल्यावर आपले पाप त्याच्याकडे जाते आणि त्याचे नीतिमत्त्व आपल्याकडे येते. हा दाखला ल्यूथरने १५२० मध्ये वापरला, आणि अजून त्याहून चांगला माझ्या वाचनात आलेला नाही.

अंत्युखियात पेत्र आणि पौल यांच्यात नेमके काय झाले?

भांडण जेवणाच्या पंगतीवरून झाले. अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) विश्वासणारे एकत्र जेवत, आणि पेत्रही त्यांच्यात बसून जेवत होता. मग यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली. सुंता मानणाऱ्यांच्या भीतीने पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले. पौलाचा जुना सोबती बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर विचारले (गल. २:११-१४).

तो क्षण डोळ्यांपुढे आणा. काल ज्याच्याबरोबर भाकर मोडली तो आज त्याच खोलीत उठून दुसरीकडे जाऊन बसतो. तोंडाने कुणी काही बोललेले नाही. विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण पेत्राने नाकारलेली नाही, विचारले असते तर त्याने ती बरोबर म्हणूनही दाखवली असती. पण उठलेल्या पानाने सांगितले, की ख्रिस्त पुरेसा नाही, आमच्या बरोबरीला यायचे तर आणखी काही लागेल. आणि याच प्रसंगाला जोडून पौलाचे ते वाक्य येते, की नियमशास्त्राच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरत नाही, येशू ख्रिस्तावरील विश्वासाने ठरतो (२:१६). या शिकवणीची पहिली परीक्षा पंगतीत झाली हे आपण विसरतो.

परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी का, याच वादावरून यरुशलेमेत प्रेषितांची सभा भरली असे प्रेषितांची कृत्ये १५ वरून दिसते. तिचा काळ साधारण इ.स. ४९ च्या सुमाराचा धरतात. अंत्युखियातला प्रसंग आणि ही सभा यांत आधीचे कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण सभेत पेत्रच उभा राहून म्हणाला, की आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही जे जू वाहता आले नाही ते शिष्यांच्या मानेवर का ठेवता?

'नियमशास्त्राची कर्मे' म्हणजे सगळी सत्कर्मे, की फक्त सुंता, आहार आणि सणवार?

गेल्या काही दशकांत अभ्यासकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की त्या काळचा यहूदी धर्म म्हणजे पुण्याचा साठा करून देवाची मर्जी विकत घेणे, हे चित्र चुकीचे आहे. यहूदी माणूस कृपेने करारात होता, आणि त्या नात्यात राहण्यासाठी तो नियमशास्त्र पाळत होता. मग जेम्स डन आणि इतरांनी मांडले, की 'नियमशास्त्राची कर्मे' म्हणताना पौलाच्या नजरेपुढे मुख्यतः सुंता, शुद्ध-अशुद्ध आहार आणि शब्बाथ या यहूदी असण्याच्या ठळक खुणा आहेत.

माझे मत सांगते. गलतीकरांस पत्र वाचताना ही मांडणी पटते, कारण तिथला वाद खरोखर त्याच खुणांवरून पेटला होता. पण रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल कर्म आणि मजुरी यांबद्दल सरसकट बोलतो. लोभाच्या आज्ञेचा सुंतेशी काही संबंध नाही. म्हणून खुणांवरचा अभिमान हा त्या मोठ्या अभिमानाचाच एक प्रकार आहे असे मी वाचते. सँडर्स यांचा इशारा मात्र मनावर घ्यायला हवा. कितीतरी ख्रिस्ती प्रवचनांनी यहूदी माणसाचे व्यंगचित्र उभे करून ही शिकवण समजावली आणि त्यातून खरा द्वेष पसरला. पौल स्वतः यहूदी होता, आणि आपल्या लोकांसाठी त्याचे काळीज तुटत होते (रोम ९:१-३).

म्हणजे आता पाप केले तरी चालेल?

हा आक्षेप पौलाच्या हयातीतच घेतला गेला होता (रोम ३:८). त्याचे उत्तर थोडके आहे : पापाला जे मेले ते त्यात कसे जगतील (रोम ६:२)? बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि उठवले गेलो. खुंटीला बांधलेल्या माणसाला सोडवल्यावर तो दोर गोळा करून पुन्हा तिथेच बसला, तर त्याला सुटका झाल्याचे कळलेलेच नाही.

याकोब तर म्हणतो, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही. मग खरे कोणाचे?

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (२:२४) हे स्पष्ट लिहिले आहे, आणि 'केवळ विश्वासाने' हे शब्द बायबलमध्ये जोडून येतात ते एवढ्याच ठिकाणी, तेही नकारासह. रोम ३:२८ चे जर्मन भाषांतर करताना ल्यूथरने 'केवळ' हा शब्द स्वतः घातला आणि १५३० च्या एका पत्रात त्याचे समर्थन केले, की वाक्याचा आशयच तो शब्द मागतो. याकोबाच्या पत्राला त्याने १५२२ च्या प्रस्तावनेत पेंढ्याचे पत्र म्हटले. हे दुसरे मला मान्य नाही. याकोबाला बाजूला सारून पौल नीट समजत नाही.

दोघांचे शब्द तेच आहेत, समोरची माणसे वेगळी आहेत. पौलापुढे बसलेले विचारतात, ख्रिस्ताबरोबर आम्ही आणखी काय आणू? याकोबापुढचा माणूस म्हणतो, माझा विश्वास आहे, तेवढे बस्स झाले, आणि उघड्यानागड्या, उपाशी बहिणीला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' असा आशीर्वाद देऊन रिकाम्या हाताने वाटेला लावतो. याकोबाने जी कर्मे मागितली त्यांत सुंता कुठेच नाही. त्याने अन्न आणि वस्त्र मागितले. आणि ज्या विश्वासाला तो नाकारतो तो कसला? देव एक आहे असे मानण्याचा. तेवढे भुतेही मानतात आणि थरथर कापतात (२:१९).

अब्राहामाचा दाखला दोघेही देतात, पण आयुष्यातला वेगवेगळा दिवस निवडून. पौल ताऱ्यांच्या रात्रीकडे जातो. याकोब मोरिया डोंगराकडे जातो, जिथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवतो. मधे कित्येक वर्षे गेली आहेत. त्या रात्री जो विश्वास नीतिमत्त्व गणला गेला तो जिवंत होता, हे डोंगरावर दिसले. पौलालाही हे अमान्य नाही. प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, हे शब्द त्याचेच आहेत (गल. ५:६). आणि इफिसकरांस पत्रात कृपेने तारण झाल्याचे सांगितल्यावर पुढच्याच श्वासात सत्कर्मे येतात, देवाने आधीच तयार करून ठेवलेली, आपण चालावे म्हणून (२:८-१०).

ही शिकवण पौलाची. येशूने असे कुठे सांगितले?

लूक १८:९-१४ वाचा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो. तो खोटे बोलत नाही. जकातदार दूर उभा आहे, वर बघत नाही, ऊर बडवतो आणि एवढेच म्हणतो, की देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, हा नीतिमान ठरून घरी गेला. पौलाने पुढे वापरलेले तेच क्रियापद आहे. वधस्तंभावरच्या चोराकडे तर कर्मासाठी हातही मोकळे नव्हते.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, मी नियमशास्त्र रद्द करायला नव्हे, पूर्ण करायला आलो (मत्तय ५:१७). त्याने ते पूर्ण केले. आपण त्या पूर्णतेत उभे आहोत.

मग दहा आज्ञा पाळायच्या की नाही?

पाळायच्या. मूल होण्यासाठी नाही, मूल आहोत म्हणून. शेजाऱ्यावर प्रीती करणाऱ्याने नियमशास्त्र पूर्णपणे पाळले आहे (रोम १३:८-१०).

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात फरक काय? तो अजून आहे का?

थोडक्यात सांगायचे तर प्रोटेस्टंट परंपरेत नीतिमान ठरवणे म्हणजे ख्रिस्तासाठी देवाने दिलेला निकाल, आणि पवित्र होत जाणे हे त्यापाठोपाठ येणारे वेगळे काम. कॅथलिक मंडळीने १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या परिषदेत मांडले, की नीतिमान ठरवण्यात पापांची क्षमा आणि आतले नवीकरण ही दोन्ही येतात, आणि त्यात वाढही होते. पण कृपेच्या आधी केलेले काहीही ही कृपा कमावू शकत नाही हे त्या परिषदेनेही सांगितले, आणि ही बाजू आपल्याकडच्या वादात बहुधा कुणी सांगत नाही. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी न्यायसभेपेक्षा देवाच्या जीवनात सहभागी होण्याच्या भाषेत तारणाबद्दल बोलते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. कृपेनेच, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने, आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, देव आपला स्वीकार करतो, असे दोघांनी एकत्र कबूल केले. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्याला दुजोरा दिला. सगळे मतभेद मिटले असे नाही. ज्या प्रश्नावरून एकमेकांना शापित ठरवले त्यावर एका टेबलाशी बसून सही होते, याचे मोल मला मोठे वाटते.

मी खरोखर नीतिमान ठरलो आहे याची खात्री कशी बाळगू?

एक आजी होत्या. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्याजवळ बसायला जाई. उशाखाली त्यांची जुनी वही असे. तिच्यात रोजच्या प्रार्थनेपुढे, वाचनापुढे आणि दानापुढे बारीक खुणा केलेल्या होत्या, कित्येक वर्षांच्या. कुठे कुठे रिकाम्या जागा होत्या. एका दुपारी वहीवर हात ठेवून त्यांनी मला विचारले, "एवढ्याने होईल का गं?" मी घाईने म्हणणार होते, आजी, तुम्ही किती केलेत. ते शब्द जिभेवरून परत फिरवले. कारण ते सांगितले असते तर मी त्यांना पुन्हा त्या रिकाम्या जागांकडेच पाठवले असते. मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला आणि पहिले वचन वाचले : ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. तिसऱ्यांदा वाचले तेव्हा त्या माझ्याबरोबर म्हणत होत्या. वही उशाखालीच राहिली, पण त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

खात्री आत डोकावून मिळत नाही. आत पाहिले की भावना चढलेली किंवा उतरलेली दिसते. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जाताना ऐकली आणि आपले हृदय विलक्षण ऊबदार झाले असे रोजनिशीत लिहिले. काहींना तसा दिवस लाभतो. लाभला नाही म्हणून निकाल बदलत नाही, कारण तो आपल्या हृदयाच्या तापमानावर लिहिलेला नाही.

माझा विश्वास फार अपुरा आहे. तेवढा चालेल?

मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याच्या मुलाला येशूने बरे केले.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

गलतीकरांस पत्र एका बैठकीत, मोठ्याने वाचा. अर्ध्या तासाच्या आत होते, आणि पौलाचा चढलेला आवाज मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी उत्पत्ती १५ आणि १७ लागोपाठ वाचा, म्हणजे क्रम मनात पक्का बसेल. मग रोमकरांस ३:२१ पासून पाचव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत. हे पत्र पौलाने इ.स. ५७ च्या आसपास करिंथहून लिहिले, आणि किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबी या बहिणीने ते रोमला नेले असावे असे सोळाव्या अध्यायातल्या तिच्या शिफारशीवरून बहुतेक जण मानतात. घाई करू नका. 'पण आता' या दोन शब्दांशी (३:२१) थोडे थांबा, आणि शक्य असेल तर कुणाला तरी सोबत घेऊन बसा.